पोखर्णीचे दात आणि डनेडिनचा पेपर

बालपणीची गरिबी आणि मोठेपणीचे दात, असा विषय घेतलात की रिची पोल्टन आणि सहकाऱ्यांचा ‘लॅन्सेट’मधला २००२ चा पेपर तुम्ही उद्धृत करणारच. करा, पण आधी तो नीट वाचा. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेली सुमारे हजार मुलं. गरीब घरात वाढलेल्यांमध्ये २६ व्या वर्षी दातांची कीड आणि हिरड्यांचा आजार सुखवस्तू घरातल्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. पुढे परिस्थिती सुधारली तरी हा फरक पुसला गेला नाही.

पेपरची खरी ताकद मोजमापात आहे. आईबाप काय काम करतात हे मुलं लहान असतानाच नोंदवलेलं होतं. आठवणीवर काहीच सोडलेलं नाही. मात्र २६ म्हणजे म्हातारपण नव्हे. उतारवयाबद्दलच्या वाक्याला हा एकटा संदर्भ पुरत नाही.

म्हणून आपण ‘लासी’कडे वळतो. मुंबईच्या आयआयपीएसचं हे सर्वेक्षण. पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ च्या पुढचे लोक, आकडा ७२ हजारांवर. त्यात लहानपणची सांपत्तिक स्थिती आज विचारली जाते: चांगली, मध्यम की गरीब?

आता हाच प्रश्न पोखर्णीत नृसिंहाच्या देवळापाशी बसलेल्या साठीतल्या आजोबांना विचारायचाय असं समजा. डनेडिनची ती मुलं जन्मली, नेमका तेव्हाच मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ. गावंच्या गावं खडी फोडायला, पोटात सुकडी नाहीतर मिलो. उत्तर बहुधा येईल, “सगळ्यांचं होतं तसंच आमचं.” झालं, ‘मध्यम’वर टिक! अशानं संबंध फिका दिसतो. उलट, आज दातांनी बेजार झालेल्याला लहानपणही वाईटच आठवलं, तर तो फुगतो. त्यापेक्षा विचारा: दुष्काळात घरातलं कोण कोण कामावर गेलं? जमीन किती होती?

दुसरी अडचण मिशरीची. गाइड म्हणतील, “तंबाखू कंट्रोल कर.” जरा थांबा. घरच्या परिस्थितीमुळेच मिशरी लागली असेल, तर ती गरिबी आणि दात यांच्यातला दुवा आहे. ती कंट्रोल केलीत की जो परिणाम शोधायला निघालात त्याचाच एक तुकडा कापून टाकलात. दोन्ही मॉडेलं दाखवा, आणि कुठलं कशासाठी तेही लिहा.

आणि पडलेले दात मोजताना सावध राहा. डनेडिनमध्ये तोंड उघडून तपासलं होतं. आपल्याकडे पैसेवाला कीड भरून घेतो, गरीब दात उपटून मोकळा होतो. कीड तेवढीच, दात मात्र एकाचाच गेला. तो पडला की काढला, आणि काढला तर का, हे प्रश्नावलीत घाला.