बाटली काळी झाली नाही, म्हणून...

शालेय विज्ञान प्रदर्शनांत पाणीतपासणीचा एक प्रयोग हमखास असतो. विहिरीचे, हातपंपाचे, नळाचे पाणी छोट्या बाटल्यांत भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचे. पाणी काळे झाले की ते दूषित. एका शाळेत आम्ही काळ्या न झालेल्या बाटलीवर मुलांनी लावलेली चिठ्ठी वाचली : ‘पिण्यास योग्य’. आमचा आक्षेप या दोन शब्दांना आहे, प्रयोगाला नाही.

प्रयोग चांगलाच आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आस्थापनेतील मंजा, मौर्य आणि राव यांनी तो १९८२ साली प्रसिद्ध केला. बाटलीतील कागदी पट्टीत पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार असतो. आतड्यांत राहणारे काही जीवाणू थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात आणि लोहाशी संयोग होऊन काळे आयर्न सल्फाइड तयार होते. सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. मात्र ई. कोलाय किंवा पटकीचा जीवाणू सहसा हा वायू बनवत नाही. विष्ठेबरोबर आलेले त्यांचे सोबती बनवतात. म्हणजे आपण चोर नव्हे, चोराच्या सोबत्याचा माग काढतो.

आता थोडे गणित. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. बाटलीत मावते अवघे २० मिलिलिटर. समजा, १०० मिलिलिटरमध्ये वायू बनवणारा एकच जीवाणू आहे. त्या पाण्याच्या पाच बाटल्या भरल्या तर चार स्वच्छ राहतील! असे दहा जीवाणू असले, तरी दर दहा बाटल्यांतली साधारण एक फसवेल. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना सहज करता येते; प्रदर्शनात मात्र ते आम्हांला कुठे दिसले नाही. एका स्रोताच्या पाच बाटल्या भराव्यात आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा भराव्यात, एवढे तरी व्हावे.

उलट चूकही होते. खोल कूपनलिकेच्या पाण्यात विष्ठेशी संबंध नसलेले, सल्फेटपासून हा वायू बनवणारे जीवाणू असू शकतात. तेव्हा काळी बाटली दिसताच गावात घबराट न पसरवता नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

रासायनिक प्रदूषणाबाबत तर बाटली मुकीच आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडील भूजलातले फ्लोराइड किंवा खतांतून झिरपलेले नायट्रेट (मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम) तिला कळत नाही. टीसीएल पावडर टाकलेल्या पाण्यात क्लोरीन उरला आहे का, हेही ती सांगत नाही. थायोसल्फेट उरलेला क्लोरीन नाहीसा करते. त्यासाठी ओ.टी. चाचणी वेगळी करावी लागते. तिचे रसायन विषारी असल्याने ती शिक्षकांनीच करावी.

मग चिठ्ठीवर काय लिहावे? ‘अमुक तारखेला, २० मिलिलिटर पाण्यात, काळेपणा आढळला नाही.’ शेजारी, संडास किती अंतरावर आहे, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, सांडपाणी साचते का, हेही. आणि काळ्या झालेल्या बाटल्या बेसिनमध्ये ओतू नयेत. त्यांत जंतू वाढवलेले असतात. जंतुनाशक घालून काही तास ठेवून मगच टाकाव्यात.