नवलवार्ता

कथा, कविता, कादंबरी यांची समीक्षा आपल्याकडे उदंड झाली. परंतु आज घरोघर सर्वांत अधिक वाचल्या जाणाऱ्या एका प्रकाराकडे टीकाकाराने कधी ढुंकून पाहिले नाही. तो प्रकार म्हणजे नवलवार्ता. कुठे दोन तोंडांचे वासरू, कुठे अंधारात चमकणारा मासा, कुठे एका आठवड्यात रंग पालटलेले तळे. दोन-चार ओळी, एक चित्र आणि अखेरीस उद्गारचिन्ह! पूर्वी ही वार्ता मासिकातल्या उरलेल्या कोपऱ्यात बसे. आता ती मोबाइलवरून आजोबांकडून नातवाकडे आणि नातवाकडून पुन्हा आजोबांकडे जाते.

हा प्रकार हलका आहे, असे मी मानत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढले ते मराठी वाचकाला सृष्टीची ओळख व्हावी म्हणून. पुढे १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ निघाले. कुतूहल चाळवून मग माणसाला ज्ञानाकडे न्यावे, ही त्यांची रीत. तक्रार आहे ती आजच्या नवलवार्तेबद्दल. ती कुतूहल चाळवते आणि वाचकाला तिथेच उभा करून निघून जाते.

उदाहरण दूरचे नको. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव घ्या. मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे २०२३ च्या सप्टेंबरात त्याचे नाव देशभर गेले, आणि नांदत्या गावाचा बाहेरच्या जगापुरता एक मथळा झाला. या गावाहून शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो, आणि गेवराईच्या पुढे माजलगाव तालुका. तिथल्या लवूळ गावावर असाच प्रसंग दोन वर्षे आधी, २०२१ च्या डिसेंबरात आला होता. कुत्र्यांनी एक पिल्लू मारले म्हणून माकडांनी सूड उगवला आणि अडीचशे कुत्र्यांची पिल्ले उंचावरून टाकून मारली, अशी ती वार्ता. ती इंग्रजीत गेली, इंग्रजीतून जगभर गेली, तिच्यावर विनोद झाले, चित्रे निघाली. वन खात्याने दोन प्राणी पकडून नेले आणि बातमी संपली.

आता या वार्तेकडे वाङ्मय म्हणून पाहू. तिचे कथानक कुठून आले? ते हिंदी चित्रपटातून आले आहे. बाळाचा वध, मातेचा किंवा टोळीचा आक्रोश, मग वेचून वेचून सूड. हे कथानक इतके तयार होते की घटनेला ते फक्त अंगावर चढवायचे होते. अडीचशे हा आकडा कुणी मोजला, हे विचारण्याची गरज मथळ्याला वाटली नाही. वन्यजीवांच्या अभ्यासकांनी सूडाची कल्पना तेव्हाच नाकारली. परंतु नकाराला उद्गारचिन्ह नसते, म्हणून तो फार दूर गेला नाही.

भाषेचेही पाहा. मराठीत लाल तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, हा भेद खेड्यातले पोरही जाणते. लवूळचे होते ते वानर. इंग्रजी मथळ्याने दोघांना एकच शब्द लावला, आणि तो मथळा मराठीत परत आला तेव्हा आपणही निमूटपणे माकड म्हणू लागलो! आपलाच प्राणी आपण परक्याच्या शब्दातून ओळखला.

तो भेद टिकला असता तर खरे नवल हाती लागले असते. वानरांच्या टोळीत नवे पोर जन्मले की पहिल्या दिवसापासूनच इतर माद्या त्याला आईकडून मागून घेतात, पोटाशी धरतात, त्याचे अंग निवडतात. पोर काळसर असते, मोठी वानरे राखी. जणू ‘मला उचला’ अशी पाटीच त्याच्या अंगावर असते. जे वानर परक्या पोरालाही हौसेने उचलते, त्याने कुत्र्याचे पिल्लू उचलणे हे सूडापेक्षा मायेच्या अधिक जवळ आहे, असे मला वाटते. पण वानराच्या पोराला आईचे केस मुठीत धरता येतात. कुत्र्याच्या पिल्लाच्या पंजाला मूठच नाही. शिवाय छपरावर त्याला दूध कुठले? ते भुकेने मरते किंवा खाली पडते. जिवाला जीव लावताना झालेला हा घात सूडाच्या गोष्टीहून किती अधिक करुण आहे!

आणि क्रौर्यच हवे असेल तर तेही वानरांत आहे. जपानी शास्त्रज्ञ सुगियामा यांनी १९६० नंतरच्या वर्षांत धारवाडजवळच्या रानात पाहिले की नवा नर टोळी जिंकतो तेव्हा जुन्या नराची तान्ही पोरे मारली जातात. पुष्कळांनी त्याला विकृती म्हटले. पुढे सारा हर्डी या विदुषीने अबूच्या वानरांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९७७ च्या आपल्या ग्रंथात वेगळा अर्थ लावला: पोर गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती वाढते. हा अर्थ मनाला कडू लागतो, त्यावर वादही झाले. पण तो निरीक्षणातून निघाला आहे, चित्रपटातून नाही.

लोणारची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना अर्धी ठाऊक आहे. जालन्याहून मंठ्यावरून गेले की लोणार. बेसाल्टच्या खडकात उल्केने पाडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर. २०२० च्या जूनमध्ये तिथले पाणी गुलाबी झाले. टाळेबंदीचा परिणाम म्हणून कुणी सांगितले, कुणी अनिष्ट सूचना पाहिली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा उत्तर निघाले ते मिठात रमणाऱ्या, हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जीवांचे: पाणी आटले, क्षार वाढले, ते जीव माजले, आणि त्यांच्या रंगद्रव्याने तळे रंगले. त्याच जातीच्या रंगद्रव्यांनी, आहारातून, रोहित पक्ष्याचे पीसही गुलाबी होते. तळ्याचे चित्र लाखोंनी पाहिले. हा धागा किती जणांपर्यंत पोहोचला? विवराचे वयही असेच. जुन्या मोजणीने ते सुमारे ५२ हजार वर्षांचे, नंतरच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून अधिक फरक! नवलवार्ता मात्र अजून जुनाच आकडा घेऊन फिरते.

कुणी म्हणेल, दिवाळीच्या फराळाबरोबर दोन घटका करमणूक झाली तर टीकाकाराचे काय जाते? माझे काही जात नाही. परंतु लवूळला पिंजऱ्यात गेले ते प्राणी खरे होते, आणि गल्लीतून शाळेला जायला भ्यालेली मुले असतील तर तीही खरीच. गोष्ट कशी सांगितली यावर वानराशी माणूस उद्या कसा वागेल, हे थोडेफार ठरते.

येत्या थंडीत पैठणच्या नाथसागरावर पट्टकादंब उतरतील. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. तो एव्हरेस्टवरून उडतो, अशी वार्ता दरवर्षी फिरते. यंत्रे बांधून ज्यांनी त्याचा प्रवास मोजला त्यांना आढळलेली सर्वांत मोठी उंची ७,२९० मीटर. बहुतेक वाट त्याहून पुष्कळ खालून जाते. उंची गाठली की ती धरून ठेवण्यापेक्षा तो डोंगराच्या उतारांबरोबर वर चढतो, खाली येतो, पुन्हा चढतो, कारण खालच्या दाट हवेत पंख मारणे स्वस्त पडते. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा घट्ट पकडते. एवढे करून तो गोदावरीच्या पाण्याशी पोहोचतो, आणि काठच्या शेतात हरभऱ्याचा कोवळा पाला सापडला तर तो खाऊ लागतो.