‘भाव नव्हता’ हा अभिप्राय

मध्यंतरीं एका स्नेह्यांच्या घरीं एका तरुण मुलीनें फ्रेडरिक शोपँ (१८१०–१८४९) याचें एक ‘नॉक्टर्न’, म्हणजे रात्रिगीत, पियानोवर वाजविलें. इ-फ्लॅट मेजरमधील, ऑपस ९ मधील दुसरें. पियानो शिकणाऱ्या घरांत फार परिचयाचें. वादन संपल्यावर एक जाणते गृहस्थ म्हणाले, “हात तयार आहे, पण भाव नव्हता.” मुलीनें मान डोलाविली आणि झांकण लावलें. दुसऱ्या दिवशीं मेहनतीस बसल्यावर तिनें कोणता स्वर निराळा वाजवावयाचा, हें त्या वाक्यांत कोठेंच नव्हतें. असलीं वाक्यें आम्हींहि लिहिलीं आहेत. म्हणून हा दोष एकट्या त्या गृहस्थांच्या माथीं मारतां येत नाहीं.

पियानोची मूळ अडचण अशी कीं, हातोडी तारेवर आदळली म्हणजे त्या क्षणापासून स्वर मावळूं लागतो. गायकास किंवा सारंगियास धरलेला स्वर फुगवितां येतो, मींड घेतां येते. पियानोवादकास हें दोन्ही नाहीं. पुढचा स्वर किती बळानें घ्यावा, कोणता कोणास जोडावा, वाक्य कोठें संपवून श्वास घ्यावा, एवढ्यावरच त्याला गाण्याचा भास निर्माण करावा लागतो. आपण ज्याला भाव म्हणतों तो बव्हंशीं या निवडींतूनच ऐकूं येतो. मग अभिप्रायहि त्यांविषयींच असावयास नको काय?

स्वतः शोपँ १८३१ मध्यें पॅरिसला आल्यावर बराचसा शिकवण्यांवरच राहिला. शिष्यांस तो चांगल्या गायकांचें गाणें ऐकावयास सांगे. त्याचा शिष्य मिकुली याच्या आठवणीप्रमाणें, भलत्या जागीं वाक्य तोडणारा वादक त्याला, अर्थ न कळणाऱ्या भाषेंतील भाषण घोकून म्हणणाऱ्या माणसासारखा वाटे. शिष्यांच्या छापील प्रतींवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आजहि पाहावयास मिळतात. मात्र याच रात्रिगीतासाठीं त्यानें निरनिराळे अलंकारहि लिहून दिले. खूण नेमकी, पण वाट एकच नव्हे, अशी ही शिकवण्याची रीति होती.

या मापानें त्या मुलीचें वादन पाहूं. आरंभींच बी-फ्लॅटवरून वरच्या जी-वर उडी आहे. गायिका तेथें चढतांना क्षणभर सांवरते. मुलीनें तो स्वर ठोकला. डाव्या हाताच्या तीन-तीन स्वरांच्या गटांत खालचा स्वर आधार देतो व पुढचे दोन मेळ हलके असावे लागतात. तिचे तिन्ही सारखेच जड होते, त्यामुळें चाल वर तरंगलीच नाहीं. मुख्य चाल चार वेळां येते, आणि पुन्हां येतांना नव्या अलंकारांनीं नटते. ती प्रत्येक अलंकारापाशीं सारखीच रेंगाळली, म्हणून चौथ्या वेळीं नवें कांहीं उरलें नाहीं. शोपँ डाव्या हातास वाद्यवृंदाच्या नायकाची उपमा देई: उजवा हात रेंगाळो, डाव्यानें लय सोडूं नये. उलट, शेवटीं स्वर विरत जातात तेथें तिनें मुळींच घाई केली नाहीं. ती जागा तिची स्वतःची होती, आणि तेंहि सांगावयास हवें होतें.

हें आम्हीं तिला मागाहून सांगितलें. तिनें झांकण उघडून ती उडी तीनदां वाजविली. तिसरी आम्हीं सुचविल्यासारखी नव्हती, पण त्याहून बरी होती. अभिप्रायानें वादकाचे कान उघडावे, त्याच्या हातांत आपला हात घालूं नये. आणि ज्यास जागा दाखवितां येत नाहीं, त्यानें ‘भाव नव्हता’ म्हणण्यापूर्वीं ती चीज आणखी एकदां ऐकावी, हें उत्तम.