पुण्ण एक नव्हे, दोन

धम्मप्रवचनांत व पुस्तिकांत पुण्ण स्थविरांचे चरित्र सांगताना दोन भिन्न व्यक्ती अनेकदा एक केल्या जातात. हा दोष क्षुल्लक नव्हे. धम्मकथिकांत अग्र ठरलेले पुण्ण मन्ताणिपुत्त हे कपिलवस्तूजवळील ब्राह्मणकुळातले, अञ्ञाकोण्डञ्ञांचे भाचे. रथविनीतसुत्तात भेटतात ते हेच. पुण्णोवादसुत्तातील पुण्ण मात्र सुनापरान्ताचे, अट्ठकथेनुसार सोपाऱ्याचे. शिव्या, मार, मरण यांची तयारी ठेवून ते स्वदेशी परतले व एकाच वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडविल्या. थेरगाथेतही दोघांच्या गाथा स्वतंत्र आहेत. १८८२ मध्ये उत्खनन झालेल्या सोपाऱ्याच्या स्तूपापाशी मन्ताणिपुत्तांचे कुळ सांगणे, म्हणजे आपल्या भूमिपुत्राचे श्रेय आपणच दुसऱ्याच्या पदरात घालणे होय. मूळ सुत्ते वाचणे हाच यावरचा उपाय.