मुळातून वाचताना

मराठी समीक्षेने लॅटिन अमेरिकी कादंबरी बहुतांशी इंग्रजी भाषांतरांतून वाचली. या मध्यस्थीची किंमत मात्र क्वचितच मोजली. हुआन रुल्फोच्या 'पेद्रो पारामो' (१९५५) या कादंबरीत 'तू' आणि आदरार्थी 'उस्तेद' यांतून पात्रांमधील अंतर सूचित होते. इंग्रजीच्या एकाच 'यू'मध्ये ते पुसले जाते. मराठीला ते 'तू-तुम्ही'त सहज राखता येते. 'मे गुस्ता' हीसुद्धा 'मला आवडते' याच घडणीची रचना. म्हणूनच लोणावळ्याहून लोकलने पुण्याला येऊन विद्यापीठात स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्याने नोकरीपुरत्या संभाषणावर थांबू नये. पवना धरणामुळे गावे गमावलेल्या मावळाला रुल्फोचे उजाड कोमाला परके नाही. ते स्पॅनिशमधून थेट मराठीत आणणे, हे तौलनिक अभ्यासाचे खरे काम आहे.