'खत' शब्दाचे दोन अर्थ : कौटुंबिक पत्रव्यवहारातील जमीन आणि कायदा

उर्दूत 'खत' म्हणजे पत्र. मराठीत तोच अरबी शब्द खरेदीखत, गहाणखत अशा दस्तऐवजांच्या नावांत स्थिरावला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कौटुंबिक पत्रव्यवहाराचे वाचन करताना या दोहोंपैकी एकच अर्थ धरला जातो. भाषेचा अभ्यासक पत्रातील मायने आणि शब्दकळा पाहतो. वकील त्यात हक्काचा पुरावा शोधतो. दोन्ही वाचने अपुरी ठरतात.

मराठीतील पत्रसंशोधनाची परंपरा समृद्ध आहे. राजवाड्यांनी 1898 पासून इतिहासाची साधने प्रसिद्ध केली, सरदेसायांनी पेशवे दफ्तराचे 45 खंड संपादिले. परंतु या परंपरेचे लक्ष मुख्यतः 1818 पूर्वीच्या कागदांवर राहिले. त्यानंतरच्या घरगुती पत्रांतील बांध, वाटणी, सह्या यांचा मजकूर 'खासगी' म्हणून बाजूला पडला.

ही उणीव डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या गावाच्या संदर्भात विशेष जाणवते. हा प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आला आणि 'नव्या काबिजादीत' गणला गेला. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. हिंदूंच्या रूढींसाठी 1880 साली स्वतंत्र संहिता निघाली. नागरी संहितेने मुलगा व मुलगी यांना वारसा हक्क समान दिला, अपत्यांचा राखीव वाटा मृत्युपत्राच्या पलीकडे ठेवला आणि स्थावर मिळकत विकताना पती-पत्नी दोघांची संमती आवश्यक मानली.

अशा मुलखातील एखाद्या पत्रात "बहिणीची सही घेऊन पाठवावी" असे वाक्य आले, तर त्याचा अर्थ कायद्याच्या चौकटीतच लागतो. सही हवी, कारण बहीण वारस आहे. हेच वाक्य त्या काळातील मुंबईच्या एखाद्या मेमन घरातून आले असते, तर त्याचे वजन वेगळे असते. खोजा व मेमन समाजांत मुलींना वारशातून वगळणारी रूढी मुंबईच्या न्यायालयाने 1847 साली मान्य केली होती. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानात 1937 चा शरीयत कायदा आला, तोही शेतजमीन वगळूनच. तो गोव्यात लागू नव्हता. शब्द तेच, स्त्रीचे स्थान मात्र सरहद्दीनुसार बदलते.

तथापि कायद्याने हक्क दिला म्हणजे तो हाती पडला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. दस्तऐवज सांगतो की संमती दिली; ती कशी मिळवली, हे पत्र सांगते. विनंतीच्या आडून येणारा आग्रह, माहेरपणाचे आमंत्रण आणि त्याच ओळीत आलेला कागदाचा विषय, धाकट्या भावाच्या अडचणीचे वर्णन, या गोष्टी खरेदीखतात नसतात. म्हणून पत्रातील स्वर हा साहित्याभ्यासाचा विषय आहे तसा कायद्याच्या इतिहासाचाही आहे. येथेच साहित्यसमीक्षा उपयोगी पडते.

शब्दांचा प्रवासही बोलका आहे. उर्दूतील 'मीरास' म्हणजे वारसा; मराठीत 'मिरास' म्हणजे वंशपरंपरेची जमीन, आणि 'वारस' हा त्याच धातूतून आलेला. उर्दूत 'वतन' मायभूमी, मराठीत पिढीजात अधिकार. पत्रलेखक या शब्दांनी मालकीबरोबर आपलेपणाचाही दावा मांडतो.

मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. पत्र म्हणजे मालकीहक्काचा दाखला नव्हे. ते नोंदणी व न्यायालयीन कागदांशी ताडूनच वाचावे. मोडी येणारे थोडे उरल्याने ही ताडणी अवघड झाली आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोलीच्या डोंगरांत लोहखनिजाच्या खाणी विस्तारल्या आणि ओसाड उतारालाही मोल आले. त्यामुळे जुन्या सह्यांचा प्रश्न इतिहासापुरता उरलेला नाही. गोव्याचा वारसाविषयक नवा कायदाही 2016 मध्ये अमलात आला.

महाविद्यालयीन अध्यापनात अशी पत्रे आणताना विद्यार्थ्यांपुढे तीन प्रश्न ठेवावेत : सही कोणाची मागितली आहे, कोणत्या शब्दांत, आणि कोणाचे नावच नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पत्रात सापडत नाही. ते घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे लागते, आणि ते विचारण्यास उशीर करून चालणार नाही.