वाण, ऊती आणि घाईचा निष्कर्ष

चागास रोगावरील लेखनात एक सुटसुटीत विधान आढळते: परजीवीचा एक वाण हृदयाला ग्रासतो, दुसरा आतड्याला, म्हणून वाण ओळखला की रोग कोठे प्रकटणार ते कळले. या विधानात तथ्य आहे. परंतु पुरावा जेवढे सांगतो त्यापेक्षा ते अधिक बोलते, असे आमचे मत आहे.

हा रोग ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी १९०९ साली प्रथम वर्णिला. त्याला कारणीभूत असतो ट्रिपॅनोसोमा क्रुझी हा एकपेशीय परजीवी. ढेकणाच्या नात्यातील रक्तशोषक कीटकांच्या विष्ठेतून तो चाव्याच्या जखमेवाटे किंवा डोळ्यावाटे शरीरात शिरतो. बहुतेक बाधितांना पुढे कोणताच गंभीर विकार होत नाही. मात्र ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना अनेक वर्षांनी हृदयविकार जडतो आणि १० टक्क्यांपर्यंत रुग्णांत अन्ननलिका किंवा मोठे आतडे फुगणे यांसारखे विकार दिसतात. परजीवी एकच, मग असा फरक का?

वाणाच्या बाजूचा पुरावा भक्कम वाटतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी या परजीवीचे टीसी-१ ते टीसी-६ असे सहा जनुकीय गट मान्य केले. आतडे फुगण्याचे रुग्ण दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात बरेच आढळतात. ॲमेझॉनच्या उत्तरेस, जेथे टीसी-१ गटाचे प्राबल्य आहे, तेथे ते विरळ. १९९९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी एकाच उंदराला दोन वाणांची एकत्र बाधा करून पाहिली. एक वाण मुख्यतः हृदयात सापडला, दुसरा गुदाशयात.

येथवर वाचून थांबले, तर वरील विधान सिद्ध झालेसे वाटेल. आमचे आक्षेप तीन आहेत.

पहिला, पोशिंद्याचा विसर. हाच प्रयोग २००२ साली उंदरांच्या इतर जातींवर केला गेला. एका जातीत वाटणी पहिल्यासारखीच राहिली, परंतु अन्य जातींत ती बदलली. वाण तेच, पोशिंदा बदलला आणि निकाल बदलला. पोशिंद्याचे महत्त्व पटवणारे एक उदाहरण महाराष्ट्रातही घडले आहे. घोडे, उंट व गुरांत ‘सर्रा’ रोग घडवणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हा क्रुझीचा नातलग माणसाला सहसा बाधत नाही, कारण आपल्या रक्तातील एक प्रथिन त्याला मारते. २००५ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला त्याची बाधा झाल्याची नोंद झाली. जनुकांतील दोषामुळे त्याच्या रक्तात हे प्रथिनच नव्हते, असे पुढे २००६ साली दाखवण्यात आले.

दुसरा आक्षेप नमुन्याचा. रुग्णातील वाण ओळखताना बहुधा त्याच्या रक्तातील परजीवी प्रयोगशाळेत वाढवले जातात. एका शरीरात अनेक वाण असू शकतात आणि काचपात्रात भराभर वाढणारा वाण इतरांना मागे टाकतो. रक्तातून मिळालेला वाण हृदयातही तोच असेल, हे गृहीत धरता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा: परजीवीचा मुक्काम आणि शरीराची हानी या एकच गोष्टी नव्हेत. लंडनमधील संशोधकांनी २०१४ साली प्रकाश देणारे परजीवी वापरून उंदरांतील बाधेचा दीर्घकाळ मागोवा घेतला. जुनाट अवस्थेत परजीवी सातत्याने सापडले ते जठरात व मोठ्या आतड्यात. हृदयात त्यांचे कायम वास्तव्य नव्हते, तरीही हृदयाच्या स्नायूंना सूज होती व तेथे तंतुमय ऊती वाढलेल्या होत्या. म्हणजे ‘अमुक वाण अमुक ऊतीत सापडतो’ यावरून ‘तो तेथेच रोग करतो’ असे ठरत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. टीसी-१ हा गट सौम्य, असा समज होता. पण कोलंबिया व व्हेनेझुएला येथे त्याच्या बाधेतून गंभीर हृदयविकार झालेले रुग्ण आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २,८५४ हृदयरुग्णांवर बेंझनिडाझोल या औषधाचा परिणाम तपासला गेला. रक्तातील परजीवी कमी झाले, परंतु हृदयाची घसरण लक्षणीयरीत्या थांबली नाही. रक्तातील परजीवींवरचा परिणामही सर्व देशांत सारखा नव्हता. त्यात वाणाचा वाटा असू शकेल. परंतु वाणाच्या नावावरून एखाद्या रुग्णाला ‘तुझे हृदय सुरक्षित आहे’ असे आज कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

‘अमुक जंतू, अमुक रोग’ अशा जोड्या लावायला आपण वर्गात शिकवतो. त्या पाठाला ही दोन्ही उंदरांची संशोधने जोडावीत, असे आम्ही सुचवतो. १९९९ चा निकाल आधी सांगावा आणि विद्यार्थ्यांना निष्कर्ष लिहू द्यावा. मग २००२ चा निकाल सांगून विचारावे: लिहिलेल्यापैकी किती टिकते? वाणाचे महत्त्व टिकतेच. ‘फक्त वाण’ हे शब्द मात्र विद्यार्थी स्वतःच खोडतील.